गुरांचे सरकारी डॉक्टर : डॅनिअल एल्मर सॅमन

आमच्या मोठ्या गटाच्या चरित्रमालेत मागील अंकांत आपण डॉ. आनंदीबाई जोशी आणि महर्षी कर्वे यांची ओळख करून घेतली. या अंकात आम्ही एका अमेरिकन माणसाची माहिती देत आहोत. त्यांच्या आडनावावरून पडलेले एक नाव जगातल्या हजारो प्रयोगशाळांत रोज घेतले जाते, परंतु तो माणूस कोण होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाव म्हणजे साल्मोनेला.

साल्मोनेला हे जंतूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. अंडी किंवा कोंबडीचे मांस कच्चे राहिले तर पोट बिघडते, ताप येतो, ते अनेकदा याच जंतूंमुळे. विषमज्वर, म्हणजे आपण ज्याला टायफॉइड म्हणतो, त्याचा जंतूही याच कुळातला. अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना साल्मोनेलाची बाधा होते. आमच्या वर्गातल्या पुष्कळांची समजूत होती की हे नाव सॅमन माशावरून आले असावे. तसे नाही. डॅनिअल एल्मर सॅमन या गुरांच्या डॉक्टरांच्या नावावरून ते ठेवले आहे. त्यांच्या आडनावात इंग्रजी एल हे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, जंतूच्या नावात मात्र ते उच्चारले जाते.

गंमत अशी की हा जंतू सॅमन यांनी स्वतः शोधला नव्हता, आणि ज्या रोगाचे कारण म्हणून तो जाहीर झाला त्या रोगाचे ते कारणही नव्हते. तरीही सॅमन यांचे काम फार मोठे होते, असे त्यांचे चरित्र वाचल्यावर आम्हाला वाटते. ते कसे, हे पुढे पाहू.

बालपण आणि शिक्षण

डॅनिअल सॅमन यांचा जन्म २३ जुलै १८५० रोजी न्यू जर्सी राज्यातील माउंट ऑलिव्ह या गावी झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि नवव्या वर्षाच्या आतच आईचे छत्रही हरपले. चुलत नात्यातल्या एका कुटुंबाने त्यांना सांभाळले. शेतावरची कामे करावी, गावच्या दुकानात हिशेब लिहावेत आणि उरलेल्या वेळात शाळा करावी, असे त्यांचे लहानपण गेले. शेती आणि जमाखर्च, या दोन्ही गोष्टी त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडल्या.

१८६८ साली न्यूयॉर्क राज्यात इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठ सुरू झाले. अगदी पहिल्याच वर्षी दाखल झालेल्या विद्यार्थ्यांत सॅमन होते. गुरांच्या वैद्यकासाठी विद्यापीठाने जेम्स लॉ नावाचे स्कॉटिश प्राध्यापक बोलावले होते. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेत तेव्हा गुराढोरांना औषध देणारे बहुतेक लोक शिकलेले नसत. कोणी नाल ठोकता ठोकता घोड्याला काढा पाजी, कोणी डाग देई, कोणी नुसता अंदाज सांगे. लॉ यांनी मात्र पदवीसाठी चार वर्षांचा अभ्यास ठेवला आणि त्यात सूट दिली नाही.

सॅमन यांनी शेवटचे काही महिने फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या आल्फोर येथील नामांकित पशुवैद्यक शाळेत काढले. १८७२ साली त्यांना पहिली पदवी मिळाली. त्याच वर्षी त्यांचे लग्न इथाकातील मेरी कॉर्निंग यांच्याशी झाले. पुढे १८७६ साली कॉर्नेलने त्यांना पशुवैद्यकातील डॉक्टर ही पदवी दिली. अमेरिकेतील विद्यापीठाने दिलेली ही या विषयातील पहिली डॉक्टरेट होय. आज आपल्या कुत्र्यामांजराच्या डॉक्टरांच्या नावापुढे जी तीन इंग्रजी अक्षरे दिसतात, तीच ही पदवी.

सुरुवातीला त्यांनी न्यू जर्सीतील न्यूअर्क शहरात व्यवसाय केला. पण प्रकृती साथ देईना, म्हणून १८७५ साली ते नॉर्थ कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिल या डोंगराळ, कोरड्या हवेच्या गावी गेले. १८७७ साली त्यांनी जॉर्जिया विद्यापीठात व्याख्याने दिली. प्रकृतीमुळे दक्षिणेत जावे लागले, आणि तिथेच त्यांना दक्षिणेतल्या गुरांचा एक चमत्कारिक ताप जवळून पाहायला मिळाला. त्याविषयी पुढे येईलच.

तीन रोग, तीन संकटे

आपल्याकडे शेतकऱ्याच्या दारातली बैलजोडी गेली की घराचा कणाच मोडतो. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकुत ही नावे आपल्या आजीआजोबांना चांगली ठाऊक असतील. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन शेतकऱ्याचीही हीच दशा होती. त्यांच्यापुढे मुख्य तीन संकटे होती.

पहिले संकट म्हणजे गाईबैलांच्या फुफ्फुसांचा सांसर्गिक रोग. हा १८४३ साली न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन येथे एका गवळ्याने जहाजावरून विकत घेतलेल्या गाईबरोबर आला, असे सांगितले जाते. जनावर खोकू लागे, धापा टाकी आणि हळूहळू खंगून मरे.

दुसरे संकट डुकरांचे. त्याला हॉग कॉलरा म्हणत. नावात कॉलरा असला तरी माणसांच्या पटकीशी त्याचा काही संबंध नाही. या रोगाच्या अमेरिकेतल्या अगदी जुन्या नोंदींपैकी १८३३ सालची एक नोंद आपल्याच ओहायो राज्यातली आहे. त्या काळी सिनसिनाटी हे डुकरांच्या मांसाच्या व्यापाराचे देशातले मोठे ठाणे होते. एकदा रोग शिरला की कळपच्या कळप आडवे होत.

तिसरे संकट टेक्सास तापाचे. दक्षिणेतली गुरे दिसायला धडधाकट असत. पण ती उत्तरेकडे हाकत नेली की ज्या रानातून ती गेली, त्या रानात चरणारी उत्तरेची गुरे काही आठवड्यांनी तापाने पटापट मरत. त्यांची लघवी लाल होई. रोग आणणारी गुरे ठणठणीत आणि यजमानांची गुरे मेलेली, असा हा उलटा प्रकार होता. १८६८ साली इलिनॉय आणि इंडियाना राज्यांत यामुळे फार मोठे नुकसान झाले.

त्यात परदेशांनी दारे लावायला सुरुवात केली. १८७९ साली ब्रिटनने ठरवले की अमेरिकेहून आलेली गुरे बंदरावर उतरताच दहा दिवसांच्या आत कापली पाहिजेत, आत देशात न्यायची नाहीत. इटली, जर्मनी आणि फ्रान्स या देशांनी अमेरिकन डुकराच्या मांसावर बंदी घातली, कारण त्यात बारीक कृमी सापडत. शेतकऱ्याची गुरे मरत होती आणि जी जगली त्यांना गिऱ्हाईक मिळेना.

वीस माणसांचे खाते

१८७९ साली न्यूयॉर्क राज्याने फुफ्फुसाच्या रोगाविरुद्ध मोहीम उघडली. तिचे काम जेम्स लॉ यांच्याकडे होते आणि त्यांच्या हाताखाली सॅमन होते. त्यानंतर केंद्राच्या शेतकी खात्याने सॅमन यांना दक्षिणेतल्या गुरांच्या तापाचा अभ्यास करायला सांगितले. १८८३ साली त्यांना वॉशिंग्टनला बोलावून घेण्यात आले.

२९ मे १८८४ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या सहीने नवा कायदा झाला आणि पशुउद्योग विभाग स्थापन झाला. इंग्रजीत त्याला ब्यूरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्री म्हणत. या विभागाचा प्रमुख जाणकार पशुवैद्यच असला पाहिजे, असे कायद्यातच लिहिले होते. सॅमन पहिले प्रमुख झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते.

पण कायदा करणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. संपूर्ण देशासाठी कर्मचारी किती, तर वीसपेक्षा जास्त नकोत! खर्चाला दीड लाख डॉलर्स. शिवाय गुरांच्या बड्या व्यापाऱ्यांचा विरोध होताच. रोगाची चर्चा झाली की भाव पडतात, म्हणून रोग नाहीच असे ते ठासून सांगत. राज्यांना वाटे की केंद्राची ढवळाढवळ कशाला. कोण्या शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन त्याची गाय रोगी आहे असे सांगणे सोपे नव्हते. ती मारायची आहे असे सांगणे तर त्याहून अवघड.

हाच तो काळ, जेव्हा आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकीचा अभ्यास करत होत्या. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षी मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आणि डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा उघडली. तिचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड होते आणि मुख्य काम गुरांच्या रोगांचे होते. पुढे १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला नेण्यात आली. म्हणजे वॉशिंग्टन, मुंबई आणि पुणे या तिन्ही ठिकाणी पाचसहा वर्षांच्या आत सरकारला एकच गोष्ट उमगली होती, की गुरे सांभाळायची असतील तर शिकलेली माणसे पाहिजेत.

कारण माहीत नसताना रोग घालवला

सॅमन यांचा सर्वांत मोठा विजय आम्हाला फुफ्फुसाच्या रोगावरचा वाटतो. या रोगाचा जंतू तेव्हा कोणालाच सापडला नव्हता. तो सापडला १८९८ साली, फ्रान्समध्ये. औषधही नव्हते. मग रोग घालवायचा कसा?

सॅमन यांनी अतिशय साधा पण कष्टाचा मार्ग धरला. प्रत्येक गोठा तपासायचा. प्रत्येक जनावराची नोंद ठेवायची. रोगाची शंका असलेल्या भागातून एकही जनावर परवान्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचे नाही. रोगी जनावरे मारायची आणि मालकाला त्याचे पैसे द्यायचे. गोठा धुऊन जंतुनाशकाने स्वच्छ करायचा. आणि पुन्हा तपासायचे.

१८८६ साली शिकागोमध्ये दारूच्या भट्ट्यांजवळच्या गोठ्यांत रोग निघाला. तिथे उरलेल्या आंबोणावर हजारो गुरे पोसली जात. शिकागो हे साऱ्या देशाच्या गुरांचे नाके. तिथून रोग पश्चिमेच्या मोकळ्या कुरणांत गेला असता तर पुढे तो कोणालाच आवरला नसता. तेव्हा कुठे पुढाऱ्यांचे डोळे उघडले. रोगी जनावरे विकत घेऊन मारण्यासाठी पैसे मंजूर झाले आणि विभागाचे बळ वाढले.

मालकाला पैसे देणे हे या योजनेचे मर्म होते. गाय फुकट जाणार असेल तर माणूस रोग लपवणारच. मोबदला मिळाला तर तो स्वतःहून सांगायला येतो. लहानपणी दुकानात हिशेब लिहिलेल्या माणसाला ही गोष्ट बरोबर कळली असावी, असे आम्हाला वाटते.

२६ सप्टेंबर १८९२ रोजी शेतकी खात्याने जाहीर केले की अमेरिकेतून हा रोग समूळ नाहीसा झाला आहे. खर्च सुमारे पंधरा लाख डॉलर्स आला. अमेरिकेने पूर्णपणे घालवलेला हा जनावरांचा पहिला मोठा रोग.

डुकरे, कबुतरे आणि चुकलेला निष्कर्ष

१८८४ सालीच सॅमन यांनी एका तरुण डॉक्टरला नोकरीवर घेतले. त्याचे नाव थिओबाल्ड स्मिथ. जर्मनीहून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा कॉर्नेलमध्येच शिकला होता. त्याला जर्मन येत असल्यामुळे रॉबर्ट कॉख यांच्या जंतुशास्त्राच्या नव्या पद्धती तो मूळ लेख वाचून शिकला.

हॉग कॉलराने मेलेल्या डुकरांत स्मिथ यांना एक जंतू सापडला. १८८५-८६ च्या सुमारास हाच रोगाचे कारण आहे असे जाहीर झाले. नंतर १९०० साली लिनिएर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या प्रकारच्या जंतूंना सॅमन यांच्या नावावरून साल्मोनेला हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाशी बसून ज्याने जंतू शोधला तो स्मिथ, आणि नाव लागले खात्याच्या प्रमुखाचे! अहवालांवर सॅमन यांचे नाव आधी येई, कधी एकट्याचेच येई. स्मिथ यांना याचे वाईट वाटे. आम्हाला त्यांचे वाईट वाटणे योग्य वाटते.

याच कामातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघाली. १८८६ साली सॅमन आणि स्मिथ यांनी उष्णतेने मारलेले जंतू कबुतरांना टोचले. नंतर जिवंत जंतू टोचले तरी ती कबुतरे वाचली. तोपर्यंत पाश्चर यांच्या लसी दुर्बळ केलेल्या जंतूंच्या होत्या. मेलेल्या जंतूंनीही संरक्षण मिळते हे इथे दिसले. अकरा वर्षांनी, १८९७ साली मुंबईत प्लेगची साथ असताना डॉ. हाफकिन यांनी जी लस केली, ती याच तत्त्वावरची, म्हणजे उष्णतेने मारलेल्या जंतूंची होती. मुंबईच्या परळमधील हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते.

पण डुकरांचा रोग मात्र हटेना. शेवटी १९०३ साली एमिल द श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट यांनी दाखवले की खरे कारण हा जंतू नव्हेच. अतिशय बारीक गाळणीतूनही पार जाणारे, सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे काहीतरी रोग करते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. साल्मोनेला हा जंतू आजारी डुकरांत मागाहून शिरलेला सोबती होता.

हे दोघे शास्त्रज्ञ सॅमन यांच्याच विभागात नोकरीला होते. साहेबांचा जुना निष्कर्ष चूक आहे असे सांगणारे पत्रक सॅमन प्रमुख असतानाच त्यांच्याच विभागाने छापले. वरिष्ठांची चूक दाखवण्याची सोय ज्या कार्यालयात असते, ते कार्यालय चांगले चालले आहे असे समजावे.

गोचिडाचा शोध

आता टेक्सास तापाकडे वळू. सॅमन यांनी आधी एक कंटाळवाणे वाटणारे काम केले. हा रोग कायमचा वस्तीला असलेला मुलूख कुठे संपतो, याची त्यांनी रेघ आखली. या रेघेच्या दक्षिणेची गुरे धोक्याची, उत्तरेची गुरे धोक्यात. १८८९ पासून या रेघेवर सरकारी बंधने आली.

पण कारण काय? गुरे राखणारे लोक म्हणत, हे गोचिडांचे काम आहे. शिकलेले लोक हसत. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. सॅमन यांनी हे काम स्मिथ, किलबोर्न आणि कर्टिस यांच्याकडे दिले. १८८९ पासून वॉशिंग्टनजवळच्या एका प्रयोगशेतावर त्यांनी कुंपणे घालून वेगवेगळी रानपट्टी केली. एका पट्टीत दक्षिणेची गोचीड असलेली गुरे उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवली. दुसरीत दक्षिणेची गुरे ठेवली, पण त्यांच्या अंगावरचे एकूणएक गोचीड हाताने वेचून काढले. तिसरीत दक्षिणेचे जनावर नाहीच, नुसते गोचीड टाकले.

पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीतली उत्तरेची गुरे आजारी पडली. दुसऱ्या पट्टीतली मजेत चरत राहिली! मग सगळे कोडे सुटले. रोगाचे परजीवी गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत राहतात. रक्त पिऊन फुगलेली गोचिडीण गळून पडते, जमिनीवर हजारो अंडी घालते, आणि काही आठवड्यांनी निघालेली पिल्ले दुसऱ्या जनावराला चिकटून आईकडून आलेला रोग त्याला देतात. म्हणूनच कळप निघून गेल्यावर इतक्या दिवसांनी रोग येई. दक्षिणेच्या गुरांना वासरू असतानाच सौम्य रोग होऊन गेलेला असे, म्हणून ती धडधाकट दिसत.

१८९३ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. रक्त पिणारा जीव एका प्राण्याचा रोग दुसऱ्यापर्यंत नेतो, याचा इतका पक्का पुरावा त्यापूर्वी क्वचितच कोणी दिला होता. चारच वर्षांनी, १८९७ साली, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. गोचीड घालवण्याची देशव्यापी मोहीम १९०६ साली सुरू झाली आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेजवळचा पट्टा सोडून साऱ्या देशातून हा गोचीड गेला. त्या पट्ट्यात आजही घोड्यावर बसून पहारा करणारे सरकारी कर्मचारी आहेत.

गोल शिक्का

१८९० आणि १८९१ साली मांसतपासणीचे कायदे झाले. कापण्याआधी जनावर तपासायचे, नंतर मांस तपासायचे आणि शिक्का मारायचा, हे काम सॅमन यांच्या विभागाकडे आले. डुकराच्या मांसातले कृमी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकांवर बसवलेल्या कर्मचाऱ्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. १८९१ साली युरोपातली बंदी उठू लागली. परदेशी जाणाऱ्या गुरांना जहाजात पुरेशी जागा आणि हवा मिळावी असेही नियम त्यांनी केले.

आज दुकानात मांसाच्या पाकिटावर जो लहानसा गोल शिक्का असतो, त्याचे मूळ इथे आहे. आपल्या डब्लिनमध्ये तर वेंडीज या बर्गर कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. त्यांच्या व्यवसायाची सारी भिस्त या तपासणीवर असते. आपल्यापैकी बरीच घरे शाकाहारी आहेत. त्यांनीही बेफिकीर राहू नये, कारण साल्मोनेला कच्च्या मोड आलेल्या कडधान्यांतूनही पसरतो. मटकीची उसळ नीट शिजवूनच खावी!

सारे काही उत्तम होते असे मात्र नाही. तपासणीला माणसे अपुरी होती आणि देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या मांसाकडे पुरेसे लक्ष नव्हते. १९०६ साली शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाण जगापुढे आली आणि अधिक कडक कायदा करावा लागला. तोपर्यंत सॅमन खात्यातून गेले होते.

शेवटची वर्षे

१९०२ साली मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांत लाळ्या-खुरकुत आला, तो सॅमन यांच्या विभागाने जुन्याच मार्गाने आटोक्यात आणला. पण १९०५ साली त्यांच्यावर बालंट आले. मांसतपासणीची लेबले पुरवणाऱ्या छापखान्यात त्यांची भागीदारी असल्याचा आक्षेप निघाला. चौकशी झाली. त्यांनी गैरव्यवहार केला नाही असा निर्णय लागला, तरी त्यांना पद सोडावे लागले. एकवीस वर्षे ज्या खात्याला वाढवले, त्याचा त्यांनी १९०५ च्या अखेरीस निरोप घेतला.

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात गेले. तिथे मोंतेविदेओच्या विद्यापीठात पशुवैद्यकाच्या शिक्षणाची घडी बसवण्याचे काम त्यांनी सुमारे पाच वर्षे केले. परत आल्यावर १९१३ साली ते मोंटाना राज्यातील ब्यूट या खाणींच्या गावी गेले. तिथे हॉग कॉलराविरुद्धचे रक्तजल, म्हणजे सीरम, तयार करणाऱ्या कारखान्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. हे सीरम डॉर्सेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून निघाले होते. ज्या रोगाचे कारण ओळखण्यात आपण चुकलो, त्याच रोगावरचे औषध दुसऱ्याच्या पद्धतीने तयार करण्यात सॅमन यांचे शेवटचे दिवस गेले. यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हे आम्हाला विशेष वाटते. ३० ऑगस्ट १९१४ रोजी ब्यूट येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. १९७८ साली हॉग कॉलराही अमेरिकेतून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

नाव कोणाचे, काम कोणाचे

वर्गात आमची यावर बरीच चर्चा झाली. काहींचे म्हणणे पडले की जंतूला स्मिथेला असे नाव हवे होते. स्मिथ १८९५ साली खाते सोडून मॅसॅच्युसेट्सला गेले आणि पुढे जगप्रसिद्ध झाले. पण किलबोर्न आणि कर्टिस यांची नावे आज कोणाला माहीत आहेत? हाताने गोचीड वेचणाऱ्या मजुरांची तर कुठे नोंदही नाही. मोठ्या कामाच्या पाटीवर एकच नाव मावते, हा पाटीचा दोष आहे. म्हणून चरित्र वाचताना पाटीच्या मागची माणसेही शोधावीत.

दुसरी गोष्ट अशी. सॅमन यांचे नाव ज्या शोधामुळे राहिले तो शोध त्यांचा नव्हता, आणि जे काम खरोखर त्यांचे होते त्याला त्यांचे नाव नाही. गोठे तपासणे, नोंदी ठेवणे, रेघ आखणे, मोबदला देणे, पुन्हा तपासणे या कामाचा पुतळा होत नाही. हे काम चांगले झाले की काहीच घडत नाही. गाय मरत नाही, दूध नासत नाही, माणूस आजारी पडत नाही. जे घडलेच नाही ते लोकांना दिसणार कसे? तरी याच मार्गाने पुढे जगातून बुळकांडी गेली. भारतात तिचा शेवटचा रुग्ण १९९५ साली आढळला आणि २०११ साली ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसरा रोग. गावोगाव गुरांना लस टोचत फिरणाऱ्या सरकारी डॉक्टरांचे त्यात फार मोठे श्रम आहेत. त्यांचीही नावे आपल्याला माहीत नाहीत.

आपल्या शेजारी कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात १८८५ पासून पशुवैद्यक शिकवले जाते. आपल्यापैकी ज्यांना प्राण्यांची आवड आहे त्यांनी हा अभ्यासक्रम ध्यानात ठेवावा.

वाचकांना एक विनंती. तुमच्या आजीआजोबांना किंवा गावाकडच्या नातेवाइकांना फोनवर विचारा, की त्यांच्या गोठ्यात गुरे होती का, त्यांना कोणते रोग होत, त्या रोगांना गावात काय म्हणत आणि गुरांचे डॉक्टर कुठून येत. मिळालेले शब्द आणि आठवणी मराठीत लिहून वर्गात आणून द्या. पुढच्या अंकात आम्ही त्या एकत्र छापू. डॉक्टरांचे नाव कोणाला आठवत असेल तर तेही घरच्या वहीत जरूर लिहून ठेवा.